रत्नागिरीचं भाडं टनाला चोवीसशे, मग तोटा कसा?

मागच्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. पोरगं अहमदपूरचं. गेल्या दिवाळीत त्याने दहाचाकी घेतली, गाडी हप्त्यावर आहे आणि चालवतोही स्वतःच. त्या दिवशी गाडी जालन्यात सळईच्या कारखान्याबाहेर नंबरला उभी होती. "दादा, रत्नागिरीचं भाडं मिळूलालंय. टनाला चोवीसशे! कळंबोलीवाला साडेचौदाशेच्या वर सरकंना. भरू का?"

मी एवढंच विचारलं, "रत्नागिरीहून येताना काय भरशील?"

पलीकडून थोडा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले.

मग फोनवर अर्धा तास हिशेब झाला. तोच इथे सावकाश मांडतो, कारण एक-दोन गाड्यांचे मालक आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसणारे बहुतेक जण भाडं टनाच्या भावावरून निवडतात. मीही पहिली तीन वर्षं तेच केलं. महिनाभर गाडी पळायची, हातात नोटा खेळायच्या आणि हप्त्याच्या तारखेला मेव्हण्याकडे उसने मागायची वेळ यायची. खाली दिलेले आकडे माझ्या वहीवरून गोल केलेत. तुमची गाडी वेगळी, हप्ता वेगळा, तेव्हा आकडे आपले घाला. रीत मात्र हीच ठेवा.

उभी गाडीही खाते

गाडी पळाली नाही तरी काही खर्च होतच असतो. माझ्या दहाचाकीचा हप्ता महिन्याला ५८,०००. विमा वर्षाला ८४,००० म्हणजे महिन्याला ७,०००. यातला नुसता थर्ड पार्टीचा भागच २० ते ४० टनांच्या गाडीला चाळीस हजारांच्या पुढे जातो. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००, शिवाय वाहनकर, पासिंग, पीयूसी, असं सगळं मिळून महिन्याला ४,००० धरा. जीपीएस, पार्किंग, फोन यांना १,०००.

आता राहिला ड्रायव्हर. इथे बहुतेकांचा हिशेब फसतो. "मीच चालवतो, ड्रायव्हरचा पगार वाचला." वाचला कसा? हाच माणूस दुसऱ्याच्या गाडीवर बसला असता तर त्याला पगार मिळालाच असता. म्हणून स्वतःचे २०,००० खर्चात धरायचे. ते धरले नाहीत तर वर्षाअखेरीला जो नफा दिसतो, तो खरं तर तुमचीच न घेतलेली मजुरी असते. आमच्या बापाने शेतीत हेच केलं. घरच्या माणसांची मजुरी कधी खर्चात लिहिली नाही आणि कापूस परवडतो असं जन्मभर समजत राहिला.

सगळं मिळून ९०,००० झाले. महिन्याचे तीस दिवस गाडी चालत नाही. सर्व्हिसिंग असतं, टायरचं काम निघतं, गावची जत्रा, लग्नं, ताप, सगळंच असतं. पंचवीस दिवस धरले तर ९०,००० भागिले २५, म्हणजे दिवसाला ३,६०० रुपये. हा आकडा डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवावा असा आहे. गाडी उभी असो की पळो, सकाळी उठलात की ३,६०० गेलेच.

पळताना किलोमीटरला किती

दुसरा आकडा किलोमीटरचा. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, रिकामी साडेपाच. डिझेल ९२ रुपये धरलं तर भरलेल्या गाडीला किलोमीटरला २३ रुपये आणि रिकामीला साधारण १६.७० नुसत्या डिझेलचे होतात. मायलेज कंपनीच्या कागदावरून घेऊ नका. एकदा टाकी काठोकाठ भरा, फेरा मारून परत काठोकाठ भरा, मधले किलोमीटर लिटरने भागा. असं चार-पाच वेळा केलं की आपल्या गाडीचा आणि आपल्या पायाचा खरा आकडा कळतो.

टायर फुकटचे आहेत असंच सगळे वागतात. दहा टायर, एक २२,००० ला, म्हणजे २,२०,००० रुपये. रिमोल्ड करून धरून ऐंशी हजार किलोमीटर गेले तर किलोमीटरला पावणेतीन रुपये पडतात. ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक लायनर, पाटे आणि किरकोळ काम मिळून २ रुपये. बीएस-६ गाडीला धूर कमी करणारं डीईएफ लागतं, त्याचे ६० पैसे. गोळाबेरीज साडेपाच रुपयांच्या आसपास येते. म्हणजे भरलेली गाडी किलोमीटरला २८.५० रुपये खाते आणि रिकामी २२. टोल, जेवण, हमाली यांतलं यात काही नाही, ते फेऱ्याप्रमाणे वेगळं.

डिझेल कुठे भरता यावरही थोडा फरक पडतो. परभणीकरांना हे सांगायला नको, मनमाडच्या डेपोहून टँकर येता येता दर चढलेला असतो. हैदराबादला निघालात तर उमरग्याच्या अलीकडे किंवा मधल्या कर्नाटकच्या पट्ट्यात टाकी भरून घ्या. तेलंगणात गेली काही वर्षं डिझेल आपल्यापेक्षा महागच आहे.

आता दोन्ही भाडी शेजारी ठेवू

कळंबोली, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूला. जालन्याहून सुमारे ४०० किलोमीटर. १८ टन सळई, टनाला १,४५०, म्हणजे २६,१०० रुपये. परत येताना तळोजा किंवा बंदराच्या बाजूने जालन्याच्या भट्ट्यांसाठी भंगार मिळतं. टनाला १,३०० धरले तर १८ टनांचे २३,४००. दोन्ही मिळून ४९,५०० जमा. दोन्ही बाजूंनी गाडी भरलेली, ८०० किलोमीटर गुणिले २८.५० म्हणजे २२,८००. टोल ४,५००, हमाली-वाराई-काटा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे आणि वजनाचे पैसे, २,४००, चार दिवसांचा भत्ता २,४००, दलाली १,०००. खर्च ३३,१००. हातात उरले १६,४००. दिवस चार. दिवसाला ४,१००.

रत्नागिरी. पुणे, कोल्हापूर, आंबा घाट धरून सुमारे ६५० किलोमीटर. १८ टन गुणिले २,४००, म्हणजे ४३,२००. हा आकडा ऐकूनच पोरगं हरखलं होतं. पण रत्नागिरीत आपल्याकडे येणारा जड माल सहज मिळत नाही. आंबा निघतो, पण तो पेट्यांतून आणि छोट्या गाड्यांनी, तोही थोडे दिवस. तेव्हा १३० किलोमीटर रिकामं कोल्हापूरला या. तिथे दोन दिवस थांबा आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांसाठी कास्टिंगचा माल १६,००० ला भरा. वाळूजला खाली करून ७५ किलोमीटर रिकामं जालन्याला. जमा ५९,२००.

खर्च पाहा. जाताना घाट असल्याने १९,५०० धरले. कोल्हापूरपर्यंत रिकामे २,८६०, कोल्हापूर ते वाळूज भरलेले ४५५ किलोमीटर म्हणजे १२,९७०, शेवटचे रिकामे १,६५०. टोल ६,५००, हमाली-वाराई २,८००, सात दिवसांचा भत्ता ४,२००, दलाली १,०००. एकूण ५१,४८०. उरले ७,७२०. दिवस सात. दिवसाला अकराशे.

दिवसाचा खर्च मात्र ३,६०० आहे. म्हणजे चोवीसशेच्या भाड्याने सात दिवसांत साडेसतरा हजारांचा खड्डा पाडला, आणि साडेचौदाशेच्या भाड्याने चार दिवसांत सगळं भागवून दोन हजार हातात टाकले.

दोनच हजार? हो, दोनच. पण त्यात हप्ता, विमा आणि तुमचा पगार आधीच निघालाय. या धंद्यात चांगला फेरा असाच असतो. कुणी एका फेऱ्यात वीस हजार सुटले म्हणाला, तर त्याने टायर, हप्ता की स्वतःची मजुरी, यातलं काय धरलं नाही ते विचारा.

भाडं निवडायची माझी रीत त्यामुळे एवढीच झाली. घरून निघाल्यापासून परत भरायला मोकळं होईपर्यंत एक पूर्ण फेरा धरायचा. फेऱ्याची सगळी जमा लिहायची, सगळा फिरता खर्च वजा करायचा, जे उरेल ते दिवसांनी भागायचं आणि ३,६०० च्या शेजारी ठेवून पाहायचं. टनाचा भाव या गणितात एक छोटा आकडा आहे. सगळ्यात मोठा आकडा दिवसांचा, आणि दलाल नेमका त्याबद्दलच काही बोलत नाही.

म्हणून वारही बघावा लागतो. शनिवारी संध्याकाळी पोचणारी गाडी सोमवारी खाली होते, आणि मधला रविवार तुमच्या खात्यात पडतो. तेच भाडं बुधवारी भरलं असतं तर फायद्याचं होतं. एमआयडीसीतल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते भरण्याआधी विचारून घ्यावं.

थांबावं की रिकामं पळावं

हा प्रश्न प्रत्येक ढाब्यावर ऐकू येतो आणि उत्तर बहुधा अंदाजाने दिलं जातं. त्याचं सरळ गणित आहे. एक दिवस उभं राहिलात तर ३,६०० आणि भत्त्याचे ६००, एकूण ४,२०० जातात. रिकामी गाडी किलोमीटरला २२ खाते. ४,२०० भागिले २२, म्हणजे सुमारे १९०. एक दिवस थांबणं आणि १९० किलोमीटर रिकामं पळणं, दोन्हीचा खर्च सारखाच.

समजा तुम्ही नांदेडला खाली झालात. दलाल म्हणतोय, "दोन दिवसांत इथलंच भाडं देतो." दीडशे किलोमीटरवर लातूरला डाळ मिलचं भाडं उद्या सकाळी पक्कं आहे. लातूरला रिकामं जाण्याचे ३,३०० आणि थोडा टोल, थांबण्याचे ८,४००. निघा. उलट नागपूरला उभे असाल आणि दुसरं भाडं साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर जालन्यातच असेल, तर एक दिवस थांबणं स्वस्त. अर्थात "पक्कं" म्हणजे काय ते नीट बघा. दलालाचं "येऊन जा, बघू" हे पक्कं नसतं. ज्याने पार्टीचं नाव, मालाचं वजन आणि भरायची वेळ तीनही सांगितलं, त्याच्यासाठी डिझेल जाळावं.

परतीचं भाडं इतकं का पडतं

नव्या मालकांना याचा फार राग येतो. जाताना १,४५० देतात आणि येताना त्याच रस्त्याला हजारसुद्धा द्यायला कुरकुरतात. यामागे कुणाची लबाडी असतेच असं नाही. कळंबोलीत खाली झालेली जालन्याची गाडी कशीही घरी येणारच. रिकामी आली तरी ४०० किलोमीटरला ८,८०० जाणार आणि टोल लागणारच. भरून आली तर ११,४००. फरक फक्त २,६०० चा. त्यात हमाली-काटा १,२००, दलाली ५०० आणि भरण्यात गेलेला एक दिवस ४,२०० मिळवला तर ८,५०० होतात. म्हणजे ८,५०० च्या वर जे काही मिळेल ते रिकामं येण्यापेक्षा बरं. एखादा ९,००० लाही भंगार उचलतो आणि त्याचा हिशेब चुकलेला नसतो. हे दलालालाही ठाऊक असतं, म्हणून तो तिथपर्यंत दाबत नेतो.

मात्र त्या ९,००० च्या भावाने घरून निघू नये. तो भाव परतीच्या वाटेवरच्या गाडीला परवडतो. बाहेर पडताना ज्या भाड्याने सगळा फेरा उचलायचा, त्याला हा तर्क लावला की हप्ते थकतात. आणि परतीचं भाडंही निघण्याआधीच शोधायला लागावं. तिथे पोचून फोन फिरवायला लागलात तर तुम्ही अडलेले आहात हे समोरच्याला आवाजावरून कळतं.

मराठवाड्यात जाताना-येतानाची बाजू ऋतूप्रमाणे फिरते, आणि हे ज्याने ओळखलं त्याचं वर्ष बरं जातं. दसऱ्यापासून सोयाबीन निघतं. लातूर, हिंगोली, परभणीच्या मोंढ्यातून गाड्या मिळेनाशा होतात आणि बाहेर जाणारं भाडं चढतं. कापूस सुरू झाला की जिनिंगमधून गाठी निघतात. एका गाडीत शंभर गाठी, म्हणजे सुमारे १७ टन, तेव्हा वजन आणि जागा दोन्ही बरोबर बसतात. थंडीत तुरीचा आणि साखरेचा माल असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर हिंगोली-वसमतला हळद येते.

जून-जुलैत चित्र उलटं होतं. खताचे रेक (रेल्वेच्या मालगाड्या) लागतात, माल गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत जातो आणि गाड्या आत येतात, बाहेर काही जात नाही. बांधकामं थंडावली की सळईही मंदावते. तेव्हा मी लांबचं भाडं सोडून रेकवरच्या छोट्या फेऱ्या घेतो. एका फेरीचे पैसे कमी दिसतात, पण रोज रात्री गाडी घरी असते आणि दिवस वाया जात नाही. पावसाळ्यात शेताच्या कडेला गाडी रुतण्याची भीती मात्र धरावी. एकदा चिखलातून काढायला दोन ट्रॅक्टर आणि आख्खी दुपार लागली होती.

फोनवरच बोलून घ्यायच्या गोष्टी

भाव ठरला की बहुतेक जण फोन ठेवतात. खरं तर बोलणं तिथून सुरू व्हायला हवं. हमाली आणि वाराई कोण देणार? "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची मागणी जुनी आहे, पण उतरवताना हात पुढे येतो तो ड्रायव्हरपुढेच. म्हणून आधीच ठरवून बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, लिहून घ्यावं. माल एकाच ठिकाणी उतरायचा की तीन दुकानांत? वाळूजचा हलका माल असेल, फ्रिज किंवा प्लॅस्टिकसारखा, तर वजनावर भाडं घेऊच नका. गाडी कडेपर्यंत भरते आणि काट्यावर सहा टन दाखवते. अशा मालाला अख्ख्या गाडीचं भाडं, किंवा कमी भरलं तरी १८ टनांचं, असं बोलून घ्यावं.

हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवली तर त्याचे पैसे, हे तर जरूर बोलावं. पोचल्यापासून २४ तास मोकळे, त्यापुढे दिवसाला अमुक इतके. वर दाखवलंच की एका दिवसाची किंमत ४,२०० आहे, मग मागताना लाजायचं कशाला? कळंबोलीच्या त्या चांगल्या फेऱ्यात एक दिवस वाढला तर उरतात १५,८००, दिवस पाच, म्हणजे दिवसाला ३,१६०. एका दिवसात नफ्याचा फेरा तोट्यात गेला.

उरला प्रश्न पैसे कधी मिळणार याचा. अॅडव्हान्स ऐंशी टक्के आणि बाकी पोच (माल मिळाल्याची सहीची पावती) दिल्यावर, हा रिवाज. पण पोच देऊनही दोन महिने बॅलन्स न देणारे असतात. कळंबोलीसारख्या फेऱ्याचे वीस टक्के म्हणजे ९,९००. महिन्याला सहा फेरे आणि दोन महिन्यांची उधारी धरली तर बारा फेऱ्यांचे १,१८,८०० दुसऱ्याकडे अडकलेले. तेवढेच पैसे तुम्ही शेकडा दोनने सावकाराकडून आणले असतील तर महिन्याला २,३७६ रुपये व्याज. म्हणून टनाला पन्नास कमी देणारा पण पोच मिळताच पैसे सोडणारा ट्रान्सपोर्टवाला मला जास्त जवळचा वाटतो. पोचेवर सही-शिक्का घेऊन लगेच फोटो काढून पाठवावा. कागद हरवला तर बॅलन्सही हरवला.

धान्याच्या भाड्यात तुटीचं भांडण असतं. तुरीची ५० किलो तूट निघाली आणि ८० च्या भावाने कापली तर चार हजार भाड्यातून जातात. भरताना आणि उतरवण्याआधी स्वतःसमोर काटा करायचा, दोन्ही पावत्या जपायच्या. मी एकदा हे न केल्यामुळे पाऊण क्विंटलचे पैसे भरले आणि तूट गाडीत झाली की काट्यात, ते आजतागायत कळलं नाही.

कागदांचं थोडक्यात. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं. २०२१ च्या जानेवारीपासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवता येते, तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच कळवा. नॅशनल परमिट असलं तरी दुसऱ्या राज्यात आत भरून त्याच राज्यात उतरवता येत नाही. गुलबर्ग्याला खाली झालात म्हणून बेंगळुरूचं भाडं घ्यायचं नाही. आणि दहापर्यंत गाड्या असतील तर पॅन आणि तसं लेखी पत्र ट्रान्सपोर्टवाल्याला द्या, म्हणजे भाड्यातून टीडीएस कापला जात नाही.

चार टन जास्त

"चार टन वर टाकतो, तेवढंच डिझेल निघेल," हे वाक्य सळईच्या गेटवर रोज ऐकू येतं. दहाचाकीचं एकूण वजन कायद्याने साडेअठ्ठावीस टन. २०१८ मध्ये ते २५ वरून वाढवलं, तरी हाव सुटलेली नाही. कळंबोलीच्या भावाने चार टनांचे ५,८०० मिळतात. पकडलात तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, म्हणजे २८,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च वेगळा. पाच वेळा सुटलात आणि सहाव्यांदा सापडलात तरी फारसं काही शिल्लक राहत नाही. त्यात मायलेज पडतं, टायर लवकर जातात आणि अपघात झालाच तर विमावाला पहिल्यांदा काट्याची पावती मागतो.

पण एवढं सांगूनही एक मान्य करतो. जादा भरणाऱ्यामुळे टनाचा भाव पडतो, आणि नियमात चालणाऱ्याला त्या पडलेल्या भावाशी झुंजावं लागतं. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी तो माल सोडतो आणि जिथे गेटवरच काटा सक्तीचा आहे अशा कारखान्यांची भाडी बघतो.

रस्ता कोणता

समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, आणि जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर सलग खुला आहे. वेळ नक्की वाचतो. पण तीन अॅक्सलच्या गाडीला टोल किलोमीटरला साडेसात रुपयांच्या आसपास पडतो. साडेतीनशे किलोमीटरला २,६०० च्या पुढे. वाचलेल्या वेळेत पुढचं भाडं भरता येणार असेल, किंवा जालन्याची मोसंबी सकाळच्या बाजारात पोचवायची असेल, तर हे पैसे वसूल होतात. चार तास आधी पोचून गेटबाहेर चार तास जास्त झोपायचं असेल तर जुनाच रस्ता बरा. रिकामी गाडी तर समृद्धीवर घालवतच नाही.

धुळ्याकडे जाणाऱ्यांनी कन्नडच्या घाटाचं लक्षात ठेवावं. ऑगस्ट २०२३ मध्ये हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी आली आणि गाड्यांना वळसा पडू लागला. दलाल किलोमीटर सांगताना सरळ रस्त्याचे सांगतो, तुम्ही पळता ते वळशाचे. कोणत्याही भाड्याचं अंतर मोबाईलच्या नकाशात कारचं दिसतं, तेव्हा जड गाडीचा रस्ता स्वतः मोजून घ्या.

तर आमच्या चुलतभावाने रत्नागिरी सोडली आणि कळंबोली भरली. तिसऱ्या दिवशी रात्री परत फोन. सळई वेळेत खाली झाली, भंगारही ठरल्या भावाने मिळालं, पण भरणाऱ्यांची क्रेन बंद पडली आणि गाडी आख्खा दिवस यार्डात उभी. हिशेब त्याने स्वतःच केला होता. "दादा, एकतीसशे साठवर आलं की. रोजचे चारशे चाळीस खिशातून गेले."

"हॉल्टिंगचं बोलला होतास का?"

"भावाच्या नादात ऱ्हायलंच."

"बिल्टी कुठंय?"

"इथंच आहे, डॅशबोर्डवर. आणखी सही व्हायचीय."

"मग उठ आणि सही व्हायच्या आत जाऊन बोल."